नगर जिल्ह्यातील विज्ञान महाविद्यालये आणि विद्यार्थी-संशोधनाची वाटचाल

अहमदनगर जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील पहिले महाविद्यालय जून १९४७ मध्ये सुरू झाले. पुढच्या पाव शतकात श्रीरामपूर, संगमनेर, कर्जत, कोपरगाव अशा तालुक्याच्या गावी महाविद्यालये उभी राहिली आणि विज्ञान शाखा खेड्यातल्या मुलांच्या आवाक्यात आली. या महाविद्यालयांत येणारा विद्यार्थी बहुधा घरातला पहिलाच पदवीधर होणारा असे. घरी शेती किंवा मजुरी, शाळा मराठी माध्यमाची आणि घरापासून महाविद्यालयापर्यंत एसटीचा प्रवास, अशी त्याची परिस्थिती. अशा विद्यार्थ्याला विज्ञानात प्रवेश मिळणे ही एक गोष्ट आणि त्याने विज्ञानात टिकून पुढे जाणे ही दुसरी. स्वतःचा एखादा प्रश्न, तो तपासण्याची साधने आणि सोबत काम करणारा शिक्षक या तीन गोष्टी जिथे एकत्र आल्या, तिथे ही दुसरी गोष्ट साधली. जिल्ह्यातील विज्ञानशिक्षणाचा इतिहास या तिन्हींच्या शोधाचा इतिहास आहे.

मिशन काळातील पूर्वपीठिका

नगरमध्ये आधुनिक शिक्षणाची सुरुवात अमेरिकन मराठी मिशनने केली. मुंबईत १८१३ पासून काम करणाऱ्या या मिशनने १८३१ मध्ये नगरला केंद्र उघडले. सिंथिया फरार यांनी येथे मुलींच्या शाळा चालवल्या. सावित्रीबाई फुले यांचे अध्यापनाचे प्रशिक्षण त्यांच्याच संस्थेत झाले. या शाळांचा भर वाचन, लेखन, गणित आणि धर्मशिक्षणावर होता. प्रयोगशाळा या अर्थाने विज्ञान तेव्हा नगरला नव्हते.

निसर्गाच्या पद्धतशीर नोंदी मात्र सुरू झाल्या होत्या. सॅम्युअल बेकन फेअरबँक हे मिशनरी १८४६ मध्ये भारतात आले आणि नेवासे तालुक्यातील वडाळा येथे त्यांनी दीर्घकाळ काम केले. पक्षी, वनस्पती आणि शंखशिंपले गोळा करून त्यांची ओळख पटवण्याचा त्यांना ध्यास होता. ॲलन ह्यूम यांच्या ‘स्ट्रे फेदर्स’ या पक्षिशास्त्रीय नियतकालिकात १८७६ मध्ये त्यांनी एक पक्षियादी प्रसिद्ध केली. सह्याद्रीतील खंडाळा, महाबळेश्वर आणि बेळगाव परिसराबरोबर नगर परिसरातील पक्ष्यांच्या नोंदीही तिच्यात आहेत. दक्षिणेतील पळणी डोंगरातल्या एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात ‘फेअरबँकी’ हा शब्द आजही आहे. नगरच्या माळरानावरची साधी पाखरे शास्त्राचा विषय होऊ शकतात, हे या कामाने दाखवून दिले. पण ही परंपरा हौशी अभ्यासकांची होती. स्थानिक मुलांना त्यात शिरकाव मिळावा अशी कोणतीही संस्था नव्हती. मॅट्रिक झालेल्या मुलाला पुढे शिकायचे तर पुणे किंवा मुंबई गाठावी लागे आणि तो खर्च मोजक्याच घरांना झेपत असे.

तालुक्यापर्यंत पोहोचलेली विज्ञान शाखा

हे अंतर डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी कमी केले. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर त्यांनी अहमदनगर कॉलेज स्थापन केले. तेव्हा पुणे विद्यापीठ अस्तित्वात नव्हते आणि महाविद्यालये मुंबई विद्यापीठाला जोडलेली असत. फेब्रुवारी १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाल्यावर नगर जिल्हा त्याच्या कक्षेत आला आणि आजही आहे.

दुसरी मोठी चालना रयत शिक्षण संस्थेची. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये सातारा जिल्ह्यातील काले येथे ही संस्था स्थापन केली. तिच्या वसतिगृहांत सर्व जातींची मुले एकत्र राहत आणि श्रम करून शिकत. ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व नगर जिल्ह्यालाही लागू पडले. रयतेने श्रीरामपूरला १९६० मध्ये, कर्जतला १९६४ मध्ये आणि कोपरगावला १९६५ मध्ये महाविद्यालय सुरू केले. संगमनेरला स्थानिक शिक्षण प्रसारक संस्थेने १९६१ मध्ये महाविद्यालय काढले. त्याच्या नावात नगरपालिका आणि व्यापारी घराणी यांची नावे एकत्र आहेत, यावरून त्यामागची लोकवर्गणी कळते. जिल्हा मराठा विद्या प्रसारक समाजाने १९७० मध्ये नगरला न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स कॉलेज सुरू केले.

या विस्तारामागे पाणी आणि साखर होती. १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाने प्रवरा खोऱ्याला बारमाही पाणी दिले. १९५०–५१ च्या हंगामात लोणीजवळ प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे पहिले गाळप झाले. पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील यांचे नेतृत्व आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांचे मार्गदर्शन त्यामागे होते. कारखान्यांनी रस्ते, दवाखाने आणि शाळा उभ्या केल्या. साखर कारखान्यातच रसाची आम्लता, साखरेचे प्रमाण आणि गाळपाचा उतारा मोजणारी प्रयोगशाळा असते. त्यामुळे रसायनशास्त्र शिकून आपल्याच तालुक्यात नोकरी मिळू शकते, हे पालकांना प्रत्यक्ष दिसू लागले.

महाविद्यालय सुरू झाले तरी संशोधन आपोआप सुरू झाले नाही. विद्यापीठ परीक्षा घेई, महाविद्यालय शिकवी आणि संशोधन विद्यापीठाच्या विभागांत किंवा राष्ट्रीय प्रयोगशाळांत होई. ही विभागणी देशभर होती आणि तिचा सर्वाधिक फटका लहान गावांतल्या महाविद्यालयांना बसला. पुण्याच्या विद्यार्थ्याला सायकलवरून राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा गाठता येत होती, कोपरगावच्या विद्यार्थ्याला ती पाठ्यपुस्तकातल्या नावापुरती माहीत होती.

महाविद्यालयात संशोधन: जॉन बार्नबस

जिल्ह्यातल्या महाविद्यालयाचे नाव जागतिक संशोधनाशी जोडणारे उदाहरण म्हणजे जॉन बार्नबस. उत्क्रांतीचा रेणूंच्या पातळीवर अभ्यास करणाऱ्या पहिल्या भारतीय शास्त्रज्ञांत त्यांची गणना होते. अहमदनगर कॉलेजात त्यांनी अध्यापन केले आणि पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत ते वरिष्ठ शास्त्रज्ञ झाले. जीवशास्त्रातील शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार त्यांना १९७४ मध्ये मिळाला.

त्यांचा विषय हिमोग्लोबिन हा होता. रक्ताला लाल रंग देणारे हे प्रथिन दोन प्रकारच्या साखळ्यांचे बनलेले असते. माणसाच्या अल्फा साखळीत १४१ आणि बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले ठरावीक क्रमाने जोडलेली असतात. निरनिराळ्या प्राण्यांच्या साखळ्या शेजारी शेजारी मांडल्या की फरक दिसतात. माणूस आणि चिंपांझी यांच्या या साखळ्या तंतोतंत सारख्या आहेत, गोरिलाच्या प्रत्येक साखळीत एकेका जागी फरक आहे आणि घोडा किंवा गाय यांच्या बाबतीत फरक बरेच वाढतात. कमीत कमी बदल गृहीत धरून या साखळ्यांची मांडणी केली की प्राण्यांची वंशावळ तयार होते. अमेरिकेतील मॉरिस गुडमन, जपानचे गेंजी मात्सुदा आणि विल्यम मूर यांच्यासोबत बार्नबस यांनी १९७१ मध्ये ‘नेचर’ या साप्ताहिकात माणसाच्या वंशावळीवर असाच एक मोठा लेख प्रसिद्ध केला. जीवाश्मांखेरीज रेणूंवरूनही वंशाचा इतिहास वाचता येतो, ही आज सर्वमान्य असलेली कल्पना त्या काळी रुजत होती.

या उदाहरणाचे महत्त्व एका शास्त्रज्ञाच्या गौरवापुरते नाही. संशोधन करणारा शिक्षक वर्गात आला की शिकवण्याची जात बदलते. पुस्तकातील निष्कर्ष कोणीतरी मोजून, चुकून आणि पुन्हा मोजून मिळवलेला असतो, हे विद्यार्थ्याला कळते. अशा शिक्षकाच्या हाताखाली नमुने तयार करणारा मुलगा यंत्र हाताळायला शिकतो आणि पुढच्या संस्थेचा दरवाजा ठोठावताना त्याच्या बाजूने बोलणारे कोणीतरी असते.

याच काळात अहमदनगर कॉलेजने ग्रामीण जीवन विकास व संशोधनाचा प्रकल्प हाती घेतला. १९६० च्या दशकाच्या आरंभी सुरू झालेल्या या कामातून पुढे ग्रामीण विकास आणि समाजकार्याचे स्वतंत्र अध्ययन केंद्र वाढले. महाविद्यालयाने आसपासच्या खेड्यांकडे अभ्यासाचे क्षेत्र म्हणून पाहावे, ही दृष्टी त्यात होती. विज्ञान शाखांपर्यंत ती दृष्टी पोहोचायला मात्र आणखी बराच काळ गेला.

राहुरीचे कृषी विद्यापीठ

संशोधन जिल्ह्यातच राहायला आले ते १९६८ नंतर. त्या वर्षी स्थापन झालेले राज्याचे कृषी विद्यापीठ राहुरीला आले आणि पुढे ते महात्मा फुले कृषी विद्यापीठ म्हणून ओळखले जाऊ लागले. शिक्षण, संशोधन आणि विस्तार ही तिन्ही कामे एकाच संस्थेने करायची, असे कृषी विद्यापीठांचे सूत्र होते. त्यामुळे इथला विद्यार्थी पहिल्या वर्षापासून प्रयोगाच्या वाफ्यांत वावरला.

या विद्यापीठाची फळे शेतकऱ्यांच्या ओळखीची आहेत. होल्स्टीन, जर्सी आणि गीर यांच्या संकरातून आलेली ‘फुले त्रिवेणी’ गाय राहुरीचीच. विद्यापीठाच्या पाडेगाव येथील ऊस संशोधन केंद्राने दिलेला ‘फुले २६५’ हा ऊस क्षारपड जमिनीतही तग धरतो. ‘फुले वसुधा’ आणि ‘फुले रेवती’ या रब्बी ज्वारीच्या वाणांनी शेतकऱ्यांना पर्याय दिले.

कृषी पदवीच्या अभ्यासक्रमात ग्रामीण कृषी कार्यानुभव हा भाग सक्तीचा आहे. त्यात विद्यार्थी काही महिने खेड्यात राहून माती परीक्षण, बीजप्रक्रिया आणि कीड नियंत्रणाची प्रात्यक्षिके देतात. गावात त्यांना कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणतात. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्या बी.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना असा अनुभव त्यांच्या अभ्यासक्रमाने फार उशिरा दिला. एकाच तालुक्यातली, एकाच शाळेतून आलेली दोन मुले: एक राहुरीला जाऊन शेतात प्रयोग करी, दुसरे वर्गात बसून ठरलेली प्रात्यक्षिके उरकी. दोघांच्या विज्ञानाच्या अनुभवात मोठे अंतर पडले.

१९८३ नंतर आणखी एक बदल झाला. राज्य सरकारने खासगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि लोणी, संगमनेर, कोपरगाव येथे सहकारी कारखान्यांच्या प्रेरणेने अभियांत्रिकीचे शिक्षण सुरू झाले. बारावीला चांगले गुण मिळवणाऱ्या आणि शुल्क परवडणाऱ्या मुलांचा ओढा तिकडे वळला. मूलभूत विज्ञान निवडणाऱ्या विद्यार्थ्याला ‘बी.एस्सी. करून पुढे काय’ या प्रश्नाचे उत्तर घरी द्यावे लागू लागले. संशोधनाची संधी हे त्या उत्तराचे एक ठोस रूप होते.

जर्नलपासून प्रकल्पापर्यंत

बी.एस्सी.चे प्रात्यक्षिक वर्षानुवर्षे एकाच चाकोरीत चालले. हेतू, साहित्य, कृती, निरीक्षण आणि निष्कर्ष असा क्रम, शेवटी शिक्षकांची सही आणि परीक्षेआधी ‘सर्टिफाइड’ जर्नल. उत्तर आधीच ठाऊक असलेला हा प्रयोग हात तयार करतो, शिस्त लावतो, पण शोधाचा अनुभव देत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९७० च्या दशकात महाविद्यालयीन विज्ञान सुधार कार्यक्रम राबवला तो प्रयोगशाळा, ग्रंथालये आणि अध्यापन सुधारण्यासाठी. पुढे आयोगाचे लघु संशोधन प्रकल्प आणि पुणे विद्यापीठाच्या योजना यांतून महाविद्यालयीन शिक्षकांना थोडेफार अनुदान मिळू लागले. शिक्षकाच्या प्रकल्पावर विद्यार्थी काम करू लागले आणि पदव्युत्तर वर्गांत प्रबंधिका हा अभ्यासक्रमाचा भाग झाला. विद्यापीठाने काही संलग्न महाविद्यालयांतील विभागांना पीएच.डी.ची संशोधन केंद्रे म्हणून मान्यता दिल्यावर जिल्ह्याबाहेर न जाता डॉक्टरेट करण्याची सोय झाली.

जर्नल आणि प्रकल्प यांतला फरक विहिरीच्या पाण्याच्या एका साध्या तपासणीत दिसतो. पाण्याचा जडपणा मोजायला ५० मिलिलिटर पाणी शंकूपात्रात घेतात, सामू दहाच्या आसपास ठेवणारे अमोनियाचे द्रावण घालतात आणि एरिओक्रोम ब्लॅक टी या दर्शकाचे काही थेंब टाकतात. पाणी वाइनसारखे लालसर होते. मग ब्युरेटमधून ०.०१ मोलर ईडीटीए थेंब थेंब सोडायचे. लाल छटा जाऊन स्वच्छ निळा रंग आला की थांबायचे. या प्रमाणात एक मिलिलिटर ईडीटीए म्हणजे एक मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. १५ मिलिलिटर लागले, तर जडपणा लिटरला ३०० मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकानुसार २०० पर्यंतचा आकडा समाधानकारक आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंतचा चालण्याजोगा.

हेच अनुमापन जर्नलसाठी केले तर आकडा वहीत राहतो. विद्यार्थ्याने आपल्या गावातल्या दहा विहिरींचे पाणी आणले, कालव्याजवळच्या आणि लांबच्या विहिरी वेगळ्या केल्या, मे आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा नमुने घेतले, तर तो आकडा प्रश्न विचारू लागतो. कालव्याच्या काठी पाणी गोडे का, पावसाळ्यानंतर जडपणा का उतरला, एकाच बांधावरच्या दोन विहिरींत एवढा फरक कशाने, असे प्रश्न निघतात. त्यांची उत्तरे छापलेली नसतात आणि शिक्षकालाही ती तयार ठाऊक नसतात.

कालव्याखालच्या जमिनीचा प्रश्न तर या भागाचा जुना प्रश्न आहे. प्रवरा आणि गोदावरीच्या कालव्यांनी ऊस आणला, पण निचरा न होणाऱ्या काळ्या जमिनींत पाण्याची पातळी वर आली आणि क्षार पृष्ठभागावर चढले. शेतकरी अशा जमिनीला क्षारपड किंवा चोपण म्हणतात. शास्त्र दोन्हींत भेद करते. विद्युतवाहकता मीटरला ४ डेसिसीमेन्सपेक्षा अधिक आणि सामू ८.५ च्या खाली असेल तर जमीन क्षारयुक्त. सामू ८.५ च्या वर आणि मातीला चिकटलेल्या सोडियमचे प्रमाण १५ टक्क्यांहून अधिक असेल तर चोपण. पहिलीला निचरा आणि गोडे पाणी पुरते, दुसरीला जिप्समसारखे भूसुधारकही लागते. नमुना घेण्याची रीत तालुक्याच्या विद्यार्थ्याला सहज जमते: शेतात नागमोडी चालत ठिकठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखे खड्डे घ्यायचे, त्यांच्या कडेची माती एकत्र करायची, तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवायचे आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहायचे. वडिलांच्या शेताची जमीन कोणत्या प्रकारची, हे मुलाने किंवा मुलीने मोजून सांगितले की घरात विज्ञानाला किंमत येते.

जिल्हा हेच अभ्यासक्षेत्र

सुमारे १७,००० चौरस किलोमीटरचा नगर जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा आहे आणि त्याचे चौदाही तालुके निसर्गाने सारखे नाहीत. पश्चिमेला अकोले तालुक्यात राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई आहे, उंची १,६४६ मीटर. घाटमाथ्यावर धुवाधार पाऊस पडतो. पूर्व आणि दक्षिणेकडे पाथर्डी, जामखेड, कर्जत हे तालुके पर्जन्यछायेत येतात. १९७२ च्या दुष्काळाची आठवण तिथे अजून सांगितली जाते.

जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी हा पट मोठी देणगी आहे. अकोल्यात १९८६ मध्ये घोषित झालेले कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य, कर्जतजवळ रेहेकुरीचे अवघ्या २.१७ चौरस किलोमीटरचे काळवीट अभयारण्य, शेवगाव-नेवाशाच्या बाजूला जायकवाडीच्या फुगवट्यावर उतरणारे पाणपक्षी. गवताळ माळावर एक मीटर लांबी-रुंदीची चौकट टाकून तिच्यातल्या वनस्पती मोजायच्या, फुलोऱ्यावरची फांदी वर्तमानपत्रांच्या घड्यांत दाबून वाळवायची, चिठ्ठीवर ठिकाण, तारीख, उंची आणि स्थानिक नाव लिहायचे, ही कामे महागड्या यंत्राशिवाय होतात. स्थानिक नावे आणि उपयोग सांगणारे महादेव कोळी आणि ठाकर समाजातले जाणकार त्याच डोंगरांत राहतात. अकोल्याच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या आदिवासी विद्यार्थ्याकडे असे ज्ञान घरातूनच येते. संशोधनाच्या कामात त्याची ही बाजू भक्कम ठरते, तर केवळ इंग्रजी पाठ्यपुस्तकावर चालणाऱ्या परीक्षेत तिची दखलही घेतली जात नाही.

शास्त्रीय निरीक्षण पदवीधरांपुरते नसते, याची मोठी उदाहरणे याच जिल्ह्यात आहेत. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून जामखेडला सुरू केलेल्या आरोग्य प्रकल्पात अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रियांनी आरोग्य कार्यकर्त्या म्हणून गावातल्या जन्म, आजार आणि लसीकरणाच्या नोंदी ठेवल्या. हिवरे बाजार या गावाने पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडला आणि त्यानुसार पिके ठरवली. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी शाळेत न जाता देशी बियाणे जतन केले. त्यांना आणि हिवरे बाजारचे पोपटराव पवार यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. या गावांत गेलेल्या विज्ञानाच्या विद्यार्थ्याला मोजमाप, नोंद आणि निर्णय यांचे नाते डोळ्यांसमोर दिसते.

विसाव्या शतकाच्या अखेरीनंतरच्या योजना

२००० नंतर पदवीच्या विद्यार्थ्यासाठी थेट संधी वाढल्या. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने २००४ मध्ये पदवी स्तरावरील विज्ञानासाठी राष्ट्रीय उपक्रम सुरू केला. बंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराज येथील तीन विज्ञान अकादमींनी चालवलेल्या उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीत विद्यार्थी आणि शिक्षक दोन महिने एखाद्या नामवंत प्रयोगशाळेत काम करतात. केंद्र सरकारने २००८ मध्ये ‘इन्स्पायर’ योजना आणली. बारावीला मंडळात पहिल्या एक टक्क्यात येऊन मूलभूत विज्ञान निवडणाऱ्यांसाठी वर्षाला ८०,००० रुपयांची शिष्यवृत्ती त्यात आहे आणि त्यातले २०,००० रुपये उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी आहेत. शुल्काच्या चिंतेने अभियांत्रिकीऐवजी नोकरी शोधणाऱ्या घरातील हुशार मुलीला या रकमेने तीन-पाच वर्षांची मोकळीक दिली आणि प्रकल्पाच्या अटीने तिला मार्गदर्शक शोधायला लावले.

महाराष्ट्रात सर्वांत दूरवर पोहोचली ती ‘आविष्कार’ ही संशोधन स्पर्धा. राज्यपाल म्हणजेच कुलपती यांच्या पुढाकाराने ती २००६ मध्ये सुरू झाली. पदवी, पदव्युत्तर आणि त्यापुढील विद्यार्थी वेगवेगळ्या स्तरांत भाग घेतात. मानव्यविद्या, वाणिज्य, शुद्ध विज्ञान, कृषी, अभियांत्रिकी आणि वैद्यक-औषधनिर्माण असे विषयगट असतात. महाविद्यालयात निवड, मग जिल्हा किंवा विभाग, मग विद्यापीठ आणि अखेर राज्य, अशी चढण. आधी पोस्टर लावून परीक्षकांच्या प्रश्नांना उत्तरे द्यायची, पुढे निवड झाली तर व्यासपीठावरून काही मिनिटांत काम मांडायचे. तालुक्याच्या विद्यार्थ्याला आपले काम अनोळखी परीक्षकासमोर मांडण्याची ही पहिलीच वेळ असते. ‘नमुने इतकेच का घेतले’, ‘तुलनेसाठी काय ठेवले’ हे प्रश्न त्याला पुढच्या कामात सुधारणा करायला लावतात.

पुण्याचे सान्निध्यही याच काळात अधिक उपयोगी पडू लागले. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० पासून, खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकीचे आंतरविद्यापीठ केंद्र १९८८ पासून आणि विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था २००६ पासून तिथे आहे. नारायणगावजवळ खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बीण नगर जिल्ह्याच्या सीमेपासून फार लांब नाही आणि २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाला तिथे भरणारे प्रदर्शन पाहायला आसपासच्या जिल्ह्यांतून विद्यार्थी जातात.

संशोधनाने नेमके काय साधते

पदवीच्या विद्यार्थ्याने संशोधन करण्याचा हा अनुभव जगभर अभ्यासला गेला आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेने १९६९ मध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांना संशोधनात सामील करणारा कार्यक्रम सुरू केला आणि १९८७ मध्ये तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने तसाच देशव्यापी कार्यक्रम आणला. तिथल्या दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजांत, म्हणजे कामगार, स्थलांतरित आणि पहिल्या पिढीतील विद्यार्थी शिकतात अशा स्थानिक महाविद्यालयांत, हा विचार नंतर पोहोचला. नगरच्या तालुका महाविद्यालयांशी त्यांचे साम्य स्पष्ट आहे. डेव्हिड लोपाटो यांच्या २००४ मधील पाहणीत उन्हाळी संशोधन केलेल्या विद्यार्थ्यांनी शास्त्रज्ञांच्या कामाची पद्धत समजणे आणि अडथळ्यांना तोंड देण्याची सहनशीलता वाढणे, असे लाभ नोंदवले.

नगरच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत हे लाभ चार अंगांनी दिसतात. पहिले, अपयशाचा अर्थ बदलतो. प्रयोग फसला म्हणजे आपण कच्चे, ही परीक्षेने लावलेली समजूत प्रकल्पात टिकत नाही, कारण तिथे शिक्षकाचाही प्रयोग फसतो. दुसरे, भाषेची भीती कमी होते. स्वतः मोजलेल्या गोष्टीबद्दल इंग्रजीत चार वाक्ये लिहिणे हे पाठांतराहून सोपे जाते. तिसरे, ओळखी तयार होतात. शिफारसपत्र, प्रवेशपरीक्षेची माहिती, कोणत्या संस्थेत कोणता विषय चालतो याची खबर, ही शहरी घरात सहज मिळणारी सामग्री खेड्यातल्या मुलाला मार्गदर्शकाकडूनच मिळते. चौथे, विज्ञान घराशी जोडले जाते. विहिरीचे पाणी, शेताची माती, डोंगरातली औषधी वनस्पती हे विषय आईवडिलांना समजतात आणि मुलीला अजून दोन वर्षे शिकू द्यावे की नाही, या निर्णयावर त्याचा परिणाम होतो.

अडचणी आणि नवा अभ्यासक्रम

या वाटेवरचे अडथळेही तितकेच खरे आहेत. अनेक ठिकाणी शिक्षकांच्या जागा रिक्त राहतात आणि तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांवर विभाग चालतात. पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही हे ठाऊक नसलेला शिक्षक दोन वर्षांचा प्रकल्प हाती घेऊ शकत नाही. उपकरण बिघडले तर दुरुस्तीला पुण्याहून माणूस यावा लागतो. शेवटच्या एसटीची वेळ गाठायची असल्याने विद्यार्थिनींना सायंकाळी प्रयोगशाळेत थांबता येत नाही. उन्हाळी शिष्यवृत्ती मिळाली तरी सुट्टीत शेतात किंवा मजुरीवर हात लागत असतो. प्रकल्प सक्तीचा झाला की तयार अहवाल उतरवून देण्याचा धोकाही वाढतो आणि मग जर्नलची जुनी चाकोरी नव्या नावाने परत येते. यांतल्या काही अडचणींवर जुना उपाय उपलब्ध आहे: पुणे विद्यापीठाच्या ‘कमवा व शिका’ योजनेतील मानधनाचे काम प्रयोगशाळेतही देता येते. श्रम, कमाई आणि शिक्षण यांची कर्मवीरांनी घातलेली सांगड संशोधनाला अगदी साजेशी आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसारचा पदवी अभ्यासक्रम राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४–२५ पासून लागू झाला. क्षेत्र प्रकल्प, समाजाशी जोडलेले उपक्रम आणि प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण आता श्रेयांकांसह येतात. कृषिदूतांना जे आधीपासून मिळत होते, ते बी.एस्सी.च्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला येण्याची ही पहिली संधी आहे. चौथ्या वर्षी ‘संशोधनासह ऑनर्स’ घेण्यासाठी विद्यार्थ्याला पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण हवेत आणि विभागात मान्यताप्राप्त संशोधन मार्गदर्शक व सुविधा हव्यात. ही दुसरी अट तालुक्याच्या महाविद्यालयांची कसोटी आहे. जिथे मार्गदर्शक नाही, तिथला गुणवान विद्यार्थी चौथ्या वर्षासाठी पुन्हा शहराकडे जाईल आणि ज्याला जाणे परवडणार नाही तो तीन वर्षांवर थांबेल. म्हणून तालुक्याच्या विज्ञान विभागांत कायम, संशोधन करणारे शिक्षक नेमणे ही विद्यार्थ्यांच्या संधीची पहिली अट ठरते. अभ्यासाचे विषय जिल्ह्याच्या माती, पाणी आणि डोंगरांत मुबलक आहेत. त्यांवर काम करण्याची पात्रता असलेले विद्यार्थी दर जूनमध्ये या महाविद्यालयांत प्रवेश घेतात.